वाचकांचे प्रश्न : माद्यांची स्टीपलचेस

मागच्या अंकात इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमच्या घोड्यांच्या शर्यतींच्या मार्च महोत्सवावर छोटं टिपण होतं. त्यात फक्त फिली आणि मेअर यांच्यासाठी असलेल्या उड्यांच्या शर्यतीचा, म्हणजे स्टीपलचेसचा, ओझरता उल्लेख आला आणि त्यावर पुण्यातून बरीच पत्रं आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं. घोड्यांवर उपचार करणारे, रायडिंग शिकवणारे आणि शर्यतींचा अभ्यास असणारे अशा तिघांनी ती मिळून लिहिली आहेत.

माद्यांसाठी वेगळी स्टीपलचेस कशाला? घोडी नरापेक्षा कमजोर असते म्हणून का? शिवाय फिली आणि मेअर असे दोन शब्द का? (सदाशिव पेठ)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे. चार वर्षांपर्यंतची मादी ती फिली, पाच वर्षांची झाली की मेअर. वय मोजायचं १ जानेवारीपासून, मग शिंगरू मे महिन्यात जन्मलेलं असलं तरी. ज्या शर्यतीत चार वर्षांच्या मादीलाही प्रवेश असतो तिथे दोन्ही शब्द लिहितात.

पहिल्याचं उत्तर मात्र पैदाशीत आहे. उड्यांच्या शर्यतीत धावणारे बहुतेक नर खच्ची केलेले असतात. कितीही मोठा पराक्रम केला तरी त्यांचा वंश पुढे जात नाही. पैदाशीला वापरले जाणारे वळू घोडे बहुतेक सपाट शर्यतीतून आलेले असतात, ते स्वतः फेन्सवरून, म्हणजे काटक्यांच्या उंच अडथळ्यांवरून, कधी धावलेलेच नसतात. म्हणजे उडीचं कसब आणि तीन मैल टिकणारा दम मैदानावर सिद्ध करून पुढच्या पिढीला देऊ शकेल अशी जवळजवळ एकटी घोडीच उरते. आणि नेमक्या तिलाच पूर्वी मैदानात उतरवत नसत. लिलावात उड्यांच्या घराण्यातल्या फिलीला गिऱ्हाईक मिळायचं नाही. मालक नर मागायचे, फिली न धावताच पैदाशीला जायची, आणि आई कशी धावली असती हे कुणालाच कळायचं नाही.

हे बदलण्यासाठी ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये माद्यांच्या स्वतंत्र शर्यती खालच्या पातळीपासून वरपर्यंत वाढवत नेल्या. चेल्टनहॅमला माद्यांची हर्डल शर्यत, म्हणजे लहान अडथळ्यांवरची, २००८ मध्ये सुरू झाली. ती क्वेव्हेगा या घोडीने २००९ ते २०१४ अशी सलग सहा वर्षं जिंकली. फेन्सवरची शर्यत, म्हणजे मेअर्स चेस, २०२१ मध्ये आली. पहिली विजेती कोलरीव्ही. अंतर अडीच मैलांच्या थोडं वर, दर्जा ग्रेड टू, म्हणजे वरून दुसरा. दर्जाला महत्त्व एवढ्यासाठी, की अशा शर्यतीत पहिल्या तिघींत आलेल्या घोडीचं नाव लिलावाच्या कॅटलॉगमध्ये ठळक अक्षरांत छापलं जातं, आणि तिच्या प्रत्येक शिंगराची किंमत त्यावर ठरते. २०२० पासून ब्रिटनमध्ये तिथेच पैदास झालेल्या माद्यांना ठरावीक शर्यती जिंकल्यावर २०,००० पौंडांपर्यंत वेगळा बोनसही मिळतो. तेव्हा कुठे मालक फिली विकत घेऊ लागले.

कमजोरीचं म्हणाल तर आकडे पाहा. ग्रँड नॅशनल ही सर्वांत खडतर स्टीपलचेस आजवर १३ माद्यांनी जिंकली आहे, शेवटची निकेल कॉइन, १९५१ मध्ये. चेल्टनहॅम गोल्ड कप चौघींनी : बॅलिनोड १९२५, कर्स्टिन १९५८, ग्लेनकॅरिग लेडी १९७२ आणि डॉन रन १९८६. चॅम्पियन हर्डल आणि गोल्ड कप या दोन्ही शर्यती जिंकणारा एकमेव प्राणी म्हणजे हीच डॉन रन. तिची हर्डल १९८४ ची.

या शर्यतींवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : वेगळी शर्यत मिळाली की उत्तम घोडी नरांशी झुंजायचं टाळते. अगदी वरच्या पातळीवर यात तथ्य आहे. पण हनीसकलने २०२१ आणि २०२२ ची चॅम्पियन हर्डल नरांना हरवूनच जिंकली. आणि खालच्या पातळीवर, जिथे साध्या घराण्यातल्या घोडीला पहिली संधी मिळायची असते, तिथे या शर्यतींना पर्यायच नाही असं आमचं तिघांचंही मत आहे.

माद्यांना सात पौंड वजनाची सवलत असते असं वाचलं. ती त्यांच्या स्वतंत्र शर्यतीतही मिळते का? (कॅम्प)

नाही. सगळ्याच माद्या असतील तर सवलत कुणाच्या तुलनेत द्यायची? ती लागू होते ती नरांबरोबरच्या, समान वजनाच्या शर्यतीत. गोल्ड कपमध्ये नर ११ स्टोन १० पौंड वाहतो. स्टोन म्हणजे १४ पौंड, म्हणून हे झाले १६४ पौंड, सुमारे ७४.४ किलो. घोडी ११ स्टोन ३ पौंड, म्हणजे ७१.२ किलो वाहते. फरक ३.२ किलोंचा. इंग्लंडच्या सपाट डर्बीत हीच सवलत ३ पौंडांची आहे.

हँडिकॅप शर्यतीत मादी म्हणून वेगळी सवलत नसते, कारण तिथे प्रत्येक घोड्याचं वजन त्याच्या आधीच्या कामगिरीवरूनच ठरतं. हा फरक न कळल्याने अनेकांचे हिशेब चुकतात.

वजनात जॉकी, खोगीर आणि कमी पडलं तर शिशाचे पट्टे धरतात. हेल्मेट, चाबूक आणि लगाम धरत नाहीत. शिसं खोगिराखालच्या कापडाच्या खिशांत, घोड्याच्या खांद्यामागे दोन्ही बाजूंना सारखं विभागून ठेवावं लागतं. एका बाजूला झुकलं तर उतरताना खोगीर सरकतं. तीन मैलांच्या शर्यतीत एक पौंड म्हणजे एक घोडालांबी असा ठोकताळा आहे. म्हणजे सात पौंडांनी शेवटी सतरा मीटरांच्या आसपास फरक पडू शकतो. चांगली घोडी एवढ्यावर शर्यत फिरवते.

ललिता बाबर रिओ ऑलिंपिकला धावल्या ती स्टीपलचेस आणि ही एकच का? माद्यांसाठी फेन्स कमी उंचीच्या असतात का? (वानवडी)

मूळ एकच. १७५२ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात दोघांनी बटव्हंट ते डोनरेल अशी शेतं, बांध, ओढे ओलांडत घोड्यांची पैज लावली. लांबून दिसणारा चर्चचा मनोरा, म्हणजे स्टीपल, हीच दिशा. त्यावरून नाव पडलं आणि पुढे माणसांच्या शर्यतीनेही ते घेतलं. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या ललिता बाबर २०१६ मध्ये ३००० मीटरच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. त्या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात, आणि पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर तर महिलांचा ७६.२ सेंटिमीटर उंच असतो.

घोड्यांच्या बाबतीत असा फरक नाही. माद्यांच्या शर्यतीत तीच फेन्स, तेवढीच उंच. ब्रिटनमध्ये साध्या फेन्सची किमान उंची ४ फूट ६ इंच, म्हणजे १.३७ मीटर. पहिल्या दोन मैलांत किमान १२ फेन्स आणि पुढच्या प्रत्येक मैलाला किमान ६. काही फेन्सच्या अलीकडे, झेप घ्यायच्या बाजूला, चर असतो. त्याला ओपन डिच म्हणतात. हर्डल त्याहून लहान, किमान ३ फूट ६ इंच, आणि धक्क्याने कलणारी. फेन्स कलत नाही. लाकडी चौकटीत बर्चच्या काटक्या उभ्या गच्च बसवलेल्या असतात, पुढून उतरती हिरवी झालर, पायथ्याशी रंगवलेली फळी. वरचे काही इंच घोडा घासून जाऊ शकतो, पण खालचा भाग जागचा हलत नाही.

पायथ्याच्या फळीला खूप महत्त्व आहे. घोडा तिच्यावरून अंतर ताडतो. ही फळी पूर्वी नारिंगी असायची. घोड्याला आपल्यासारखे तीन नव्हे, दोनच मूळ रंग दिसतात, त्यामुळे हिरवळीवरची नारिंगी फळी त्याला धड वेगळी दिसत नाही. हे संशोधनातून स्पष्ट झाल्यावर ब्रिटनने २०२२ मध्ये नारिंगीऐवजी पांढरा रंग आणायचं ठरवलं. शिवाय घोड्याचे डोळे बाजूला असल्याने कपाळाच्या अगदी समोरचं आणि नाकाखालचं त्याला दिसत नाही. शेवटच्या टापेला फेन्स त्याच्या नजरेतून गेलेली असते. झेप कुठून घ्यायची हे त्याने दोन-तीन टापा आधीच ठरवलेलं असावं लागतं, आणि तेही ताशी ४५ किलोमीटरच्या पुढच्या वेगात.

चूक होते ती इथेच. घोडी फार जवळ गेली तर पुढचे पाय दुमडायला जागा उरत नाही आणि छाती फेन्सवर आदळते. फार लांबून उडाली तर मागचे पाय काटक्यांत ओढले जातात आणि ती नाकावर उतरते. पुढच्या घोड्याच्या ढुंगणामागे दडलेल्या घोडीला फळी उशिरा दिसते. म्हणूनच नवख्या घोडीला जॉकी बाहेरच्या बाजूने, मोकळ्या नजरेने नेतो. शेवटच्या दोन फेन्सवर जास्त पडझड होते त्याला कारण थकवा. अंतर बरोबर ताडूनही मागच्या पायांत रेटा उरलेला नसतो.

माद्यांच्या शर्यतीत जॉकीही महिलाच असतात का? आणि पुण्याच्या रेसकोर्सवर अशी शर्यत पाहायला मिळेल का? (हडपसर)

दोन्हींचं उत्तर नाही. बंधन घोड्यावर आहे, जॉकीवर नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये महिला जॉकी पुरुषांबरोबर, कोणत्याही सवलतीशिवाय धावतात. रेचल ब्लॅकमोर यांनी २०२१ ची ग्रँड नॅशनल आणि २०२२ चा गोल्ड कप जिंकला, दोन्ही वेळा ते करणारी पहिली महिला म्हणून.

पुण्यात पावसाळ्यापासून चालणारा हंगाम सपाट शर्यतींचा आहे. फक्त फिलींच्या मोठ्या शर्यती पाहायच्या तर मुंबईला महालक्ष्मीवर इंडियन वन थाउजंड गिनीज (१६०० मीटर) आणि इंडियन ओक्स (२४०० मीटर) आहेत, दोन्ही हिवाळ्यात.

रेसकार्डावर (शर्यतीच्या माहितीपत्रकावर) घोडीच्या नावापुढे "२१एफ-१पी" असं काहीतरी असतं. कसं वाचायचं? (बाणेर)

डावीकडून उजवीकडे. सर्वांत ताजी शर्यत शेवटी. आकडा म्हणजे कितवी आली. आडवी रेघ म्हणजे हंगाम बदलला, तिरकी रेघ म्हणजे मधला अख्खा हंगाम ती धावलीच नाही. एफ म्हणजे पडली. यू म्हणजे घोडी उभी राहिली पण जॉकी खाली आला. बी म्हणजे दुसऱ्या पडलेल्या घोड्यामुळे पडली. आर म्हणजे उडी नाकारली. पी म्हणजे जॉकीने शर्यत अर्ध्यावर सोडून तिला थांबवलं. तुमच्या उदाहरणातली घोडी गेल्या हंगामात दुसरी आली, मग जिंकली, मग पडली. या हंगामात जिंकली आणि नंतर थांबवली गेली.

अक्षरांना सारखं वजन देऊ नका. बी हा घोडीचा दोष नाही. एकटा पी काळजीचा नसतो, जमीन न मानवल्यानेही तो येतो. पण पीपाठोपाठ पी म्हणजे बहुधा श्वासाचा किंवा पायाचा त्रास. एफ आणि यू पुन्हा पुन्हा दिसत असतील तर तिला अंतर ताडता येत नाही. आणि मोठ्या तिरक्या रेघेनंतर परतलेली घोडी बहुतेक वेळा पायाच्या नसेच्या (टेंडनच्या) दुखापतीतून आलेली असते.

घोडी माजावर असताना धावू शकते का? गाभण घोडी? (औंध)

घोडीचं चक्र साधारण २१ दिवसांचं, त्यातले ५ ते ७ दिवस माजाचे. पण ते दिवसाच्या उजेडावर चालतं. इंग्लंडमध्ये उड्यांचा मुख्य हंगाम हिवाळ्यात येतो. तिथे डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा, त्यामुळे बहुतेक घोड्यांचं चक्र त्या काळात थांबलेलं असतं. मार्च-एप्रिलमध्ये उजेड वाढला की ते पुन्हा सुरू होतं, आणि मोठ्या शर्यती नेमक्या तेव्हाच असतात. पुण्यात सर्वांत लहान दिवसही सुमारे ११ तासांचा. इथल्या घोड्यांत तो खंड कमी किंवा अस्पष्ट असतो.

माजात काही घोड्यांच्या धावण्यात काहीच फरक पडत नाही. काही जणी बरगडीमागे टाच लागू देत नाहीत, शेपूट वर धरतात, वारंवार थोडं थोडं मुततात. तीन-चार चक्रांच्या तारखा वहीत लिहून ठेवल्या तर तुमची घोडी यांतली कोणती हे कळतं. मात्र प्रत्येक चिडचिड माजावर ढकलू नका. तंग आवळताना चावायला येणारी घोडी पोटातल्या अल्सरने, पाठीच्या दुखण्याने किंवा न बसणाऱ्या खोगिराने त्रस्त असू शकते. शर्यतीच्या घोड्यांत अल्सर फार आढळतो. त्रास २१ दिवसांच्या हिशेबाने येत-जात नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

गर्भाचा काळ ११ महिन्यांच्या आसपास असतो. ब्रिटनमध्ये गर्भाला १२० दिवस झाल्यावर घोडीला धावता येत नाही.

उड्यांची शर्यत क्रूर नाही का? (एरंडवणे)

धोका खरा आहे आणि तो लपवून उपयोग नाही. डॉन रन गोल्ड कपनंतर साडेतीनच महिन्यांत फ्रान्सला ओतई इथे शर्यतीत पडून मेली. उतरताना आधी एक पुढचा पाय टेकतो, लगेच दुसरा, आणि सगळा भार क्षणभर त्या पायांच्या मागच्या नसांवर येतो. या नसा चौखूर दौडतानाच आपल्या ताणाच्या मर्यादेजवळ असतात. कडक जमीन, थकवा आणि तिरकं उतरणं हे तिन्ही जुळलं की नस फाटते, आणि बरी व्हायला नऊ महिने ते वर्ष किंवा अधिक काळ लागतो.

म्हणून उड्यांच्या मैदानाची जमीन फार कडक होऊ न देणं, वेळेत पाणी देणं, दमलेल्या घोडीला जॉकीने थांबवणं, या गोष्टींवर सगळं अवलंबून आहे. शर्यतीमागून डॉक्टरांची गाडी धावते. फेन्सजवळ घोडा किंवा जॉकी पडून असेल तर चौकटीचा झेंडा दाखवून ती फेन्स वगळायला लावतात, पिवळा झेंडा म्हणजे शर्यतच थांबवायची. ग्रँड नॅशनलमध्ये २०२४ पासून घोड्यांची संख्या ४० वरून ३४ केली, कारण गर्दी हेच पडण्याचं मोठं कारण. थकलेल्या घोडीला शेवटच्या फेन्सवर रेटणारा जॉकी आम्हाला कोणत्याही निकालासाठी मान्य नाही.

शर्यतीतून निवृत्त झालेली सहा वर्षांची घोडी आम्ही मुंढव्याजवळच्या तबेल्यात ठेवली आहे. मुलगी सोळा वर्षांची, रायडिंग चांगलं येतं. घोडीला उडी शिकवायची आहे. सुरुवात कशी करावी? (मुंढवा)

पहिले सहा ते आठ आठवडे उडीचं नावही काढू नका. शर्यतीतली घोडी दिवसाचा बहुतेक वेळ बंद तबेल्यात राहून भरपूर दाण्यावर जगलेली असते. तिला रोज काही तास मोकळं सोडा आणि दाणा १० ते १४ दिवसांत हळूहळू कमी करा. एकदम बदल केला तर पोटशूळ उठतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. ४५० किलोच्या घोडीला रोज ७ ते ९ किलो वाळलेला चारा लागतो. हिरव्या चाऱ्यात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणीच असतं, तेव्हा पाच किलो हिरवा म्हणजे जेमतेम एक किलो सुका असा हिशेब धरा. दाणा एका वेळी दोन किलोंच्या वर नको. धनुर्वाताची लस, दात आणि जंत हे याच काळात पाहून घ्या.

शर्यतीचे ॲल्युमिनियमचे हलके नाल काढून नालबंदाकडून साधे लोखंडी बसवा आणि दर ४ ते ६ आठवड्यांनी खूर कापून घ्या. डॉक्टरांकडून पुढच्या पायांच्या नसा तपासून घ्या, शक्य असेल तर सोनोग्राफीही. जुनी दुखापत निघाली तर उडीचा विचार त्यांच्या सल्ल्यानेच.

मग दांडे. जमिनीवर चार दांडे १.३० ते १.४० मीटर अंतराने ठेवा आणि त्यावरून दुडक्या चालीने न्या. तीनच ठेवले तर चालेल, दोन मात्र नकोत. दोन दांडे म्हणजे एकच मोठी उडी असं समजून शर्यतीची घोडी दोन्हींवरून एकदम झेपावते. चार-पाच आठवडे एवढंच. मान खाली सोडून, एका लयीत, वेग न वाढवता ती जाऊ लागली की पुढे सरका.

पुढची पायरी फुलीचा अडथळा : दोन दांडे एकमेकांवर, मध्यभागी ४० ते ५० सेंटिमीटर उंच. त्याच्या अलीकडे २.४ ते २.७ मीटरवर जमिनीवर एक दांडा ठेवा. त्यामुळे झेप घ्यायची जागा आपोआप बरोबर येते. अडथळ्याच्या पायथ्याशी, किंचित अलीकडे, आणखी एक दांडा हवाच, तो नसेल तर तिला अंतर कळत नाही. आठवड्यातून दोनच दिवस उड्या, एका दिवशी वीस-पंचवीसपेक्षा जास्त नाहीत. तीन ते चार महिन्यांत ७५ ते ८० सेंटिमीटरपर्यंत गेलात तर उत्तम. त्याहून घाई करायचं कारण नाही.

शर्यतीच्या घोडीचा हमखास दोष म्हणजे अडथळा दिसला की पळत सुटणं. मुलीने लगाम खेचला की ती आणखी जोर करते, कारण लगामाला रेटून धावायचीच तिला सवय असते. उपाय असा : अडथळ्याकडे थेट जाऊ नका, आधी वीस मीटरच्या गोलात फिरवा, लय शांत झाली की गोलातूनच सहज अडथळ्यावर न्या, उतरल्यावर पुन्हा गोल. झेपेच्या क्षणी हात पुढे सोडायला हवेत. लगाम ताठ राहिला तर लोखंड तोंडात बसतं आणि दोन-चार वेळा असं झालं की घोडी उडीच नाकारू लागते. मुलीने आयाळीची एक बट धरून ठेवली तर हे टळतं. रिकीब नेहमीपेक्षा दोन-तीन भोकं आखूड, हेल्मेट आणि बॉडी प्रोटेक्टर घातल्याशिवाय एकही उडी नाही, आणि जमिनीवर जाणतं माणूस उभं असल्याशिवाय तर नाहीच.

जून ते सप्टेंबर आपल्याकडची काळी माती उडीसाठी धोक्याची. वरून घट्ट दिसते आणि पाय टेकला की घसरते. पाणी निचरणाऱ्या मुरमाच्या किंवा वाळूच्या रिंगणातच काम करा. पावसाळ्यात खुराच्या तळव्यातल्या खाचा रोज साफ करून कोरड्या ठेवा. काळा, घाण वासाचा चिकटा दिसला तर ती खूरकूज, आणि दुखत असेल तर घोडी उतरताना कचरते. एप्रिल-मे महिन्यांत काम सकाळी आठच्या आत संपवा.

रोज सकाळी, बाहेर काढण्याआधी, दोन्ही पुढच्या पायांच्या मागच्या बाजूने गुडघ्यापासून खाली हात फिरवा. दोन्ही पाय सारखेच गार आणि सडसडीत लागायला हवेत. एक पाय जरा गरम किंवा फुगीर लागला, किंवा कडक सपाट जागेवर दुडकताना मान वरखाली झाली, तर त्या दिवशी खोगीर चढवू नका. पायावर पंधरा-वीस मिनिटं गार पाणी धरा आणि डॉक्टरांना बोलवा. लंगडणं थांबलं तरी सोनोग्राफीचा निकाल हातात येईपर्यंत दांडेही नकोत.